शिलालेख आणि धर्मग्रंथांचा कालनिर्णय : जुना जालना येथील एका पोथीच्या निमित्तानें

कुंडलिका नदीच्या एका तीरास जुना जालना व दुसऱ्या तीरास नवा जालना अशीं या शहराचीं दोन अंगें आहेत. पैकीं जुन्या जालन्यांतील एका घराण्याच्या देवघरांत ज्ञानेश्वरीची एक हस्तलिखित पोथी असल्याचें आमच्या कानीं आलें होतें. सदर घराण्यांतील वृद्ध गृहस्थांनीं ती आम्हांस दाखविण्याची कृपा केली. पोथी रुमालांत बांधलेली, पानें सुटीं, कागद दौलताबादी, अक्षर बाळबोध व प्रथमपासून अखेरपर्यंत एकहातीं. रोज फूल वाहून तिची पूजा होते. पोथी शके १२१२ सालीं लिहिलेली आहे, म्हणजे प्रत्यक्ष ज्ञानदेवांच्या वेळची आहे, असें त्यांच्या घरांत तीन पिढ्यांपासून सांगत आले आहेत. आणि त्यास पुरावा म्हणून त्यांनीं समाप्तीची ती सुप्रसिद्ध शकाची ओवी आमच्यापुढें बोटानें दाखविली.

ओवी खरी, शक खरा. परंतु तो ग्रंथरचनेचा शक आहे, पोथीलेखनाचा नव्हे. त्याच पानावर थोडें खालीं एकनाथमहाराजांनीं ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केल्याचें सांगणाऱ्या ओव्याही आहेत, आणि त्यांत शके १५०६ तारण संवत्सर असा स्पष्ट उल्लेख आहे. ज्या पोथींत शके १५०६ चा उल्लेख आला ती शके १५०६ च्या पूर्वीं लिहिली जाणें शक्य नाहीं. हें आम्ही शक्य तितक्या सौम्य शब्दांनीं सांगितलें. वृद्ध गृहस्थ कांहीं वेळ बोलले नाहींत. नंतर त्यांनीं विचारिलें, “म्हणजे आमच्या आजोबांनीं सांगितलें तें खोटें काय?” प्रस्तुत लेख त्या प्रश्नास उत्तर म्हणून लिहीत आहों. असाच प्रश्न आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं दप्तरें व पोथ्या आहेत त्यांस कधींना कधीं पडलेला असेलच.

ग्रंथ केव्हां रचिला गेला, त्याचा आज मिळणारा पाठ केव्हां ठरला, आणि हातांतील प्रत केव्हां लिहिली गेली, हे तीन प्रश्न अगदीं निराळे आहेत. पोथी हें साधन तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर बरें देतें, दुसऱ्याचें अर्धवट देतें, आणि पहिल्याचें उत्तर देतांना तें पुष्कळदां फसवितें; कारण नकलकार पुढच्या पोथींत मागच्या पोथीचा शकही उतरून घेतो. शिलालेखाची गोष्ट निराळी आहे. दगडाची नक्कल दर दोन पिढ्यांनीं होत नाहीं. तो जेथें कोरला तेथेंच बहुधा राहतो, आणि कोरणाऱ्यानें जी चूक केली तीही तशीच राहते. म्हणून जेथें ग्रंथ व दगड यांची गांठ पडते तेथें कालनिर्णयास बळकट आधार मिळतो. मात्र ही गांठ कोणत्या प्रकारची आहे हें नीट पाहिलें पाहिजे. नाहींतर दगडही फसवितो.

या विषयांत जगांत सर्वांत कसून झालेली तपासणी म्हणजे यहुदी लोकांच्या हिब्रू धर्मग्रंथाची होय. मराठी वाचकांस हा ग्रंथ अगदींच परका नाहीं. कोंकणांतील बेने इस्राएल लोक मराठी बोलत आणि धर्मकृत्यें हिब्रू ग्रंथाप्रमाणें करीत आले. आणि जॉन विल्सन यांनीं मुंबईंत १८३२ सालीं हिब्रू व्याकरणाचीं मूलतत्त्वें मराठींत छापून प्रसिद्ध केलीं होतीं. या ग्रंथाची संपूर्ण अशी व शक घातलेली सर्वांत जुनी प्रत इ. स. १००८ च्या सुमाराची आहे. ग्रंथांतील राजवंशांच्या कथा मात्र तिच्या आधीं दीड हजार वर्षांहून अधिक मागें जातात. १९४७ पासून मृतसमुद्राच्या कांठच्या गुहांत चामड्यावरच्या ज्या गुंडाळ्या सांपडल्या त्यांनीं उपलब्ध पाठ इ. स. पूर्व तिसऱ्या-दुसऱ्या शतकापर्यंत मागें नेला. त्याच्याही मागें जावयाचें तर कोरीव लेखांशिवाय गति नाहीं.

१८६८ सालीं मृतसमुद्राच्या पूर्वेस धीबान येथें मवाबाचा राजा मेशा याचा सुमारें ३४ ओळींचा शिलालेख एका मिशनऱ्याच्या दृष्टीस पडला. तो विकत घेण्यासाठीं युरोपीय लोकांची चढाओढ लागली, आणि पुढच्याच वर्षीं तेथील लोकांनीं दगड तापवून, त्यावर पाणी ओतून, त्याचे तुकडे केले. आज तो लेख वाचतां येतो याचें मोठें कारण म्हणजे तो फुटण्यापूर्वीं कागदावर घेतलेला ठसा होय. आमच्या कित्येक मित्रांस दगडाचा ठसा घेणें म्हणजे वेळ घालविणें वाटतें. त्यांनीं ही हकीकत ध्यानांत ठेवावी. या लेखांत इस्राएलचा राजा अम्री याचें नांव आहे आणि यहुदी लोकांच्या देवाचेंही नांव आहे. उलट हिब्रू ग्रंथांतील ‘राजे’ या भागांत मेशाचें नांव व त्याचें बंड आलें आहे. दोन्हीकडील हकीकत एक नाहीं; प्रत्येक पक्ष आपला जय सांगतो. परंतु ग्रंथकारास इ. स. पूर्व नवव्या शतकांतील राजांचीं नांवें ठाऊक होतीं एवढें निश्चित ठरतें. ग्रंथ त्याच शतकांत लिहिला गेला असें मात्र यावरून ठरत नाहीं, कारण जुनी माहिती पुढच्या काळच्या लेखकापर्यंत दप्तरांतून पोंचूं शकते.

दुसरा दाखला याहून सूक्ष्म आहे. १९७९ सालीं यरुशलेमेच्या नैर्ऋत्येस केतेफ हिन्नोम येथील एका थडग्यांत गाब्रिएल बारकाई यांस रुप्याच्या पातळ पत्र्याचे दोन ताईत सांपडले. ते उलगडावयास फार काळ लागला. आणि उलगडल्यावर त्यांवर गणना ग्रंथाच्या सहाव्या अध्यायांतील पुरोहिताच्या आशीर्वादाचे शब्द दिसले. अक्षरांच्या वळणावरून हे ताईत इ. स. पूर्व सातव्या शतकाच्या अखेरीचे किंवा सहाव्याच्या आरंभींचे मानितात. कांहींनीं ते बरेच अलीकडे ओढले होते. २००४ सालीं नव्या छायाचित्रांवरून पुन्हां वाचन झालें आणि जुना काल अधिक ग्राह्य ठरला. हिब्रू धर्मग्रंथांतील शब्द इतक्या जुन्या वस्तूवर दुसरीकडे कोठेंही सांपडलेले नाहींत. तथापि येथें एक पाऊल जपून टाकावें लागतें. गणना ग्रंथ त्या वेळीं पुरा झाला होता असें हे ताईत सांगत नाहींत. ते इतकेंच सांगतात कीं, आशीर्वादाचे हे शब्द त्या वेळीं लोकांच्या गळ्यांत होते. आशीर्वाद आधीं असेल आणि ग्रंथानें तो पुढें आपल्यांत घेतला असेल, हेंही तितकेंच संभवतें.

आपल्याकडे याचा जुळा दाखला आहे. राजस्थानांत नागोर प्रांतीं गोठ-मांगलोद येथें दधिमती मातेच्या देवळांत एक शिलालेख असून त्यांत देवीमाहात्म्यांतील नारायणीस्तुतीचा प्रसिद्ध श्लोक आला आहे. लेखांत वर्ष २८९ असा आंकडा आहे. तो गुप्त संवत धरिला तर इ. स. ६०८ हें साल येतें, आणि देवीमाहात्म्य सातव्या शतकाच्या पूर्वींचें ठरतें. बरेच दिवस हेंच मत चाललें. पुढें महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं तो आंकडा निराळ्या संवताचा ठरवून लेख बराच अलीकडे आणिला. आंकडा तोच, दगड तोच. संवत बदलला आणि कालही हलला. शिवाय श्लोक आणि ग्रंथ यांच्यांतील भेद येथेंही आहेच. एकटा श्लोक स्तोत्र म्हणून फिरत असणें अशक्य नाहीं.

या उलट जेथें दगड ग्रंथाचें अथवा ग्रंथकाराचें नांवच घेतो तेथें वादास जागा फार कमी राहते. शके ५५६ च्या ऐहोळे येथील लेखांत रविकीर्तीनें कालिदास व भारवि यांचीं नांवें घेतलीं आहेत. तेव्हां हे दोघेही कवि त्या शकापूर्वीं कीर्ति पावले होते यांत संशय नाहीं. आमच्या खानदेशांतील चाळीसगांवजवळच्या पाटणें येथील लेख तर याहून सरस आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी, यानें आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिला आणि सोइदेवानें त्यास देणगी दिली, अशी ती हकीकत आहे. सिद्धांतशिरोमणीचें नांव त्या दगडावर आहे. पहिला भाग संस्कृत आणि देणगीचा तपशील मराठी. म्हणजे ज्यांनीं देणें द्यावयाचें त्यांस समजेल त्या भाषेंत. मराठी गद्याचा इतका खात्रीचा जुना नमुना थोडाच आहे.

खात्रीचा म्हटलें खरें, पण याच लेखाचा शक थोडा तपासून पाहूं. दगडावर शके ११२८ प्रभव संवत्सर, श्रावणी पौर्णिमा, चंद्रग्रहण असें आहे. संवत्सर काढण्याची आपली दक्षिणेतील रीत सर्वांस ठाऊक आहे : गत शकांत १२ मिळवावे, ६० नें भागावें, बाकी राहील तितकावा संवत्सर प्रभवापासून मोजावा. ११२८ त १२ मिळविले म्हणजे ११४० होतात. ६० नें भागून बाकी कांहीं राहत नाहीं. म्हणजे साठावा, क्षय संवत्सर येतो. प्रभव हा त्यापुढचा, शके ११२९ चा. आणि शके ११२९ च्या श्रावणी पौर्णिमेस, म्हणजे ९ ऑगस्ट १२०७ रोजीं, चंद्रग्रहण पडतें. तेव्हां संवत्सर व ग्रहण बरोबर आणि शकाचा आंकडा एकानें चुकलेला. गत व वर्तमान शकांच्या भेदानेंही ही चूक मिटत नाहीं, कारण तो भेद उलट दिशेनें जातो. ज्योतिष्याच्या मठाच्या दानलेखांत शक चुकावा यांत थोडा विनोद आहे. परंतु तो दोष बहुधा ज्योतिष्याचा नसून लेख उतरविणाऱ्याचा असावा. दगड चुकतो, पण त्यावर शकाबरोबर संवत्सर, तिथि व ग्रहण असें चार अंगांनीं लिहिलेलें असल्यामुळें त्याची चूक पकडतां येते.

हीच कसोटी आतां पोथ्यांस लावूं. एकनाथमहाराजांच्या ओवींतील शके १५०६ : १२ मिळवून १५१८, बाकी १८, अठरावा संवत्सर तारण. बरोबर जुळतो. मुकुंदराजाच्या विवेकसिंधूंतील शके १११० : १२ मिळवून ११२२, बाकी ४२, म्हणजे कीलक संवत्सर येतो. परंतु त्या ओवींत साधारण संवत्सर सांगितला आहे. साधारण हा चव्वेचाळिसावा, म्हणजे शके १११२ चा. दोन वर्षांचा फरक पडला. एवढ्यावरून ओवी प्रक्षिप्त ठरवावी असें आम्ही म्हणत नाहीं, कारण पाटण्याचा दगडही एका वर्षानें चुकलाच होता. परंतु पाटण्यास ग्रहण साक्षीस होतें, येथें तसें कोणी नाहीं. त्यांत भर अशी कीं, विवेकसिंधूंत नृसिंहाचा बल्लाळ व त्याचा जैतपाळ अशी राजांची परंपरा आली आहे. यादवांच्या कोरीव लेखांतील जैत्रपाळ अथवा जैतुगि हा भिल्लमाचा पुत्र. त्याचा बाप बल्लाळ नव्हे. म्हणजे आंबेजोगाईच्या बाजूस मुकुंदराजाची समाधि दाखवितात म्हणून त्याचा जैतपाळ देवगिरीचाच असला पाहिजे, हें अनुमान दगडापुढें टिकत नाहीं. कित्येक त्यास खेरळ्याचा राजा मानितात. मराठीचा आद्य ग्रंथ शके १११० चा, हें वाक्य शाळेच्या पुस्तकांत इतक्या वेळां छापिलें गेलें आहे कीं तें वज्रलेप झालें. वस्तुतः त्याच्या पायाखालीं असा दगड एकही नाहीं.

ज्ञानेश्वरीची स्थिति पुष्कळ बरी आहे. शके १२१२ ची ओवी ज्ञानेश्वरांनीं टीका केली व सच्चिदानंदबाबा लेखक झाले असें दोघांविषयीं तिऱ्हाइताप्रमाणें बोलते, म्हणून ती स्वतः ग्रंथकाराची नसावी असें आम्हांस वाटतें. तिच्यांत संवत्सरही नाहीं, म्हणून वरील कसोटी तिला लागूच पडत नाहीं. परंतु ग्रंथाच्या उपसंहारांत यदुवंशांतील श्रीरामचंद्र राज्य करीत असल्याचें जें आलें आहे तें फार मोलाचें आहे. रामचंद्राचा पैठण येथील ताम्रपट शके ११९३ चा. ठाणें येथें सांपडलेले दोन ताम्रपट शके ११९४ व १२१२ चे. आणि आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यांत गोदातीरीं पुरुषोत्तमपुरी येथें मिळालेला ताम्रपट शके १२३२ चा. म्हणजे ओवी बाजूस ठेविली तरी शके ११९३ ते १२३२ ही चाळीस वर्षांची चौकट ताम्रपटांनीं घालून दिली, आणि ओवींतील शक तिच्या मध्यावर बसतो. त्याच शके १२१२ चा एक ताम्रपट रामचंद्राच्याच नांवानें ठाण्यास निघावा, याहून अधिक काय पाहिजे? हिब्रू ग्रंथाविषयीं असाच विचार झाला आहे. यशया या संदेष्ट्याच्या नांवें असलेल्या ग्रंथाच्या ४४ व ४५ या अध्यायांत इराणचा राजा सायरस याचें प्रत्यक्ष नांव आहे. संदेष्टा इ. स. पूर्व आठव्या शतकांतला, सायरसानें बाबिलोन घेतलें इ. स. पूर्व ५३९ मध्यें, आणि त्या विजयाचा त्याचा मातीच्या नळकांड्यावरील लेख १८७९ सालीं बाबिलोन येथेंच सांपडला. यावरून व भाषेवरून हे अध्याय सहाव्या शतकांतील दुसऱ्या कोणाचे असावे असें बहुतेक पंडित मानितात. श्रद्धावान लोक त्यांस भविष्यकथन समजतात. त्या वादांत शिरण्याचें आम्हांस प्रयोजन नाहीं. राजाचें नांव आलें म्हणजे चौकट मिळते, एवढेंच येथें पाहावयाचें.

नेवाशाच्या पैस खांबाविषयीं मात्र एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. ज्या खांबास टेकून ज्ञानदेवांनीं ज्ञानेश्वरी सांगितली असें मानितात त्या खांबावर कोरीव लेख आहे, हें ऐकून कित्येक भाविक तो लेख ज्ञानेश्वरीचाच पुरावा समजतात. लेख आहे तो करवीरेश्वराच्या देवळांतील अखंड दिव्याच्या तेलासाठीं दिलेल्या दानाचा. त्यांत ज्ञानदेवांचें नांव नाहीं, ग्रंथाचें नाहीं. तो खांब पूज्य आहे, आम्हीही त्यास नमस्कार केला आहे. परंतु तेलाचा लेख टीकेची साक्ष कशी देणार? श्रवणबेळगोळ येथील प्रसिद्ध मराठी ओळींविषयींही हीच सावधगिरी हवी. चावुंडराजानें मूर्ति करविली म्हणून ती ओळ शके ९०५ च्या सुमाराची, असें दीर्घकाळ धरून चाललें. परंतु जवळच गंगराजाच्या नांवाची ओळ आहे, आणि त्यानें प्राकार बांधिला तो सव्वाशें वर्षांहून अधिक काळानंतर. दोन्ही ओळी एकाच वेळीं कोरल्या गेल्या असाव्यात हें मत पुढें आल्यापासून पहिलीचा जुना शक डळमळीत झाला. दगडावर एखाद्या पुरुषाचें नांव आलें म्हणजे दगड त्या पुरुषाच्या हयातींतला होत नाहीं. सोलापूर जिल्ह्यांतील कुडल येथील शके ९४० ची ओळ आनंद कुंभार यांनीं उजेडांत आणिली. तिच्यावर मात्र शक आहे, आणि म्हणूनच तिचें मोल मोठें.

जालना जिल्ह्यांतलाच एक दाखला घ्यावयाचा तर भोकरदनचा घ्यावा. हें जुनें भोगवर्धन. सांची येथील स्तूपाच्या दानलेखांत भोगवर्धनच्या दात्यांचीं नांवें आहेत, म्हणजे इसवी सनापूर्वींच हें गांव दूरदेशीं दान पाठविण्याइतकें संपन्न होतें. मार्कंडेय पुराणांतील दक्षिणेच्या लोकांच्या यादींतही भोगवर्धन आहे. यावरून ती यादी सांचीच्या काळची, असें कोणी म्हणूं लागेल तर तें चूक होईल. गांव जुनें म्हणून गांवाचें नांव घेणारा ग्रंथ तितकाच जुना होत नाहीं. आज आम्हीही भोकरदनचें नांव घेतलेंच आहे.

महानुभावांच्या ग्रंथांकडे वळलें म्हणजे प्रश्न अधिक नाजूक होतो, कारण तेथें लीळाचरित्र हा केवळ चरित्रग्रंथ नाहीं, तो पंथाचा धर्मग्रंथ आहे. भोकरदन तालुक्यांतील जाळीच्या देवास जाणारे यात्रेकरू त्यांतील स्थळें अजून मनांत धरून चालतात. म्हाइंभटांनीं चक्रधरांच्या आठवणी शके १२०० च्या सुमारास गोळा केल्या. पुढें खलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमींत मूळ प्रत गेली व शिष्यांनीं स्मरणानें ती पुन्हां सिद्ध केली, असें पंथाचें सांगणें आहे. पुढील काळांत हे ग्रंथ सकळ लिपींत व तशाच दुसऱ्या सांकेतिक लिप्यांत बंद झाले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत बाहेरच्यांस ते वाचतां येत नव्हते. मग स्मरणानें सिद्ध केलेल्या ग्रंथावर विश्वास किती ठेवावा? येथें दगड व तांबें उपयोगीं पडतात. लीळाचरित्रांत लोणार येथें कान्हरदेव राजा चक्रधरांच्या दर्शनास आल्याची लीळा आहे. संस्कृत ताम्रपटांत हा राजा कृष्ण. पण कोरीव लेखांत त्याचेंच कन्हर असें लौकिक नांवही येतें. शके ११७१ चा बेंडिगेरी व शके ११७५ चा बेहट्टी, हे त्याच्याच राजवटीचे ताम्रपट होत. त्याच्या मागून महादेव, मग रामचंद्र, हा क्रम ग्रंथांत व लेखांत एकच आहे. दोन-अडीचशें वर्षांनंतर कल्पनेनें लीळा रचणाऱ्यास राजाचें त्या वेळीं तोंडीं असलेलें नांव इतक्या सहज साधलें नसतें. यिर्मयाच्या ग्रंथाविषयीं असेंच झालें. लाखीश येथें १९३५ सालीं खापरांवर शाईनें लिहिलेलीं सैन्याचीं पत्रें सांपडलीं. तीं इ. स. पूर्व ५८८ च्या सुमाराचीं असून एकांत लाखीश व अजेका या दोन गांवांचीं नांवें जोडीनें येतात. आणि शेवटपर्यंत टिकाव धरलेले हेच दोन कोट यिर्मया सांगतो. शिवाय त्या खापरांवरील माणसांच्या नांवांचें शेवटचें वळण यिर्मयाच्या काळच्या नांवांसारखें आहे, बंदिवासानंतरच्या नांवांसारखें नाहीं. नांवें सहसा खोटीं बोलत नाहींत, असा आमचा अनुभव आहे.

भाषेच्या वळणावरून काल काढण्याचा मार्ग सर्वांत मोहक व सर्वांत निसरडा. पंढरपूरचा चौऱ्यांशीचा लेख शके ११९५ श्रीमुख संवत्सरापासून शके ११९९ पर्यंतचा. रामचंद्र व हेमाडिपंडित यांचीं नांवें त्यावर आहेत. ज्ञानेश्वरीच्या आधीं अवघीं तेरा वर्षें. त्यांतील उकारान्त रूपें, ‘शक’ न म्हणतां ‘सकु’ म्हणणें, हें त्या काळच्या मराठीचें माप आहे, आणि पोथींतील भाषा या मापाशीं ताडून पाहिली पाहिजे हें उघड आहे. राजवाडे यांनीं बीडकडील पाटांगण येथें मिळालेल्या पोथीवरून १९०९ सालीं जी ज्ञानेश्वरी छापिली तिचा मोठेपणा यांतच आहे : एकनाथपूर्व भाषा कशी असावी हा प्रश्न तिनें प्रथम आमच्यापुढें ठेविला. ती पोथी पुढें इतरांस तपासावयास मिळाली नाहीं, ही हानि झाली. परंतु देणगीच्या दगडाची भाषा ठराविक, कारकुनी. ओवीची भाषा निराळी. आणि जुनीं रूपें जाणणारा नकलकार तीं मुद्दाम घालूंही शकतो. म्हणून दगडाशीं न जुळणारी भाषा पाहून पोथी अलीकडची म्हणणें जितकें सुरक्षित, तितकें जुळणारी भाषा पाहून ती जुनी म्हणणें सुरक्षित नाहीं.

असो. जुन्या जालन्याच्या पोथीकडे परत येऊं. दुसऱ्या खेपेस गेलों तेव्हां त्या गृहस्थांनीं आपण होऊन शेवटचें पान उजेडांत धरलें. एकनाथांच्या ओव्यांखालीं नकलकाराची एक ओळ आहे. पूजेच्या गंधानें ती झांकली गेली होती आणि कसरीनें तिचे लचके तोडले आहेत. शकाचे पहिले दोन अंक १६ असे वाचतां येतात, पुढचे दोन गेले. त्यापुढें सर्वधारी नाम संवत्सर हीं अक्षरें शाबूत आहेत. सोळाशांच्या शतकांत सर्वधारी दोनदां येतो, शके १६३० त व शके १६९० त; म्हणजे इ. स. १७०८ किंवा १७६८. तिथि अर्धी राहिली आहे, वार गेला आहे, म्हणून दोहोंपैकीं एक निवडण्यास आज आधार नाहीं. अक्षराच्या वळणावरून आमचा कल पहिल्याकडे आहे, पण तो कलच. आजोबांविषयींच्या प्रश्नास आम्हीं एवढेंच उत्तर दिलें कीं, त्यांनीं ग्रंथाचा शक सांगितला तो खराच होता. गृहस्थांनीं शेवटच्या दोन पानांचें छायाचित्र घेऊं दिलें आणि पुढें गंध पोथीस न लावतां रुमालास लावण्याचें कबूल केलें.

ज्यांच्याकडे अशा पोथ्या आहेत त्यांनीं समाप्तीचीं पानें प्रथम उतरून घ्यावीं, संवत्सर व वार यांचीं अक्षरें जशीं दिसतील तशींच, न सुधारतां. आणि ज्यांच्या गांवीं देवळाच्या पायरीस किंवा पारास अक्षरांचा दगड बसविला असेल त्यांनीं त्यावरचा तेलाचा व चुन्याचा थर लोखंडानें खरवडूं नये. साध्या पाण्यानें व मऊ कुंचल्यानें धुवावा, ओला कागद चोपून ठसा घ्यावा, आणि दगड कोणत्या भिंतींत, कोणत्या दिशेस, जमिनीपासून किती उंचीवर आहे हें ठशाच्या पाठीवर लिहून ठेवावें.